हालांचा हॉल

फोन शेजारच्या बिऱ्हाडात आला. सुरतेबाहेर कडोदऱ्याला राहायला येऊन मला दोन वर्षं झाली, तरी घरात फोन नाही, पी.पी. नंबरावर कोणी बोलावलं की हातातलं टाकून धावायचं. पलीकडे आमच्या जुन्या मंडळाचे प्रमुख दयारामशेठ होते. म्हणाले, "मेताजी, रविवारी सकाळी दहाला हॉलवर या. शोकसभा ठेवलीय. आणि दोन शब्द लिहूनच आणा, तुमची भाषा चांगली." मी विचारलं, "कोणाची शोकसभा?" तर म्हणाले, "अरे, सांगायचंच राहिलं बघा! आपला उखा गेला ना परवा. कामावर जाता जाता रस्त्यातच खाली बसला, तो उठलाच नाही." पुढे ते फोटो, हार, खुर्च्या असं बरंच काही बोलत राहिले. मी रिसीव्हर ठेवला. दुःख नंतर आलं, त्याला वेळ लागला. आधी आली ती किळस. माणूस गेल्याचं सांगायला विसरतात आणि सभेची वेळ बरोब्बर लक्षात राहते! पण खोटं कशाला बोलू... फोन ठेवण्याआधी मीही उखाच्या बायकोचं, शेवंतावहिनींचं, कसं आहे हे विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं, "किती मिनिटं बोलायचं?"

उखा म्हणजे उखर्डू. खानदेशातल्या माणसाला हे नाव उलगडून सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, ती पुढचं मूल जन्मलं की घटकाभर उकिरड्यावर ठेवते आणि मग उचलून घेते; टाकून दिलेल्या जिवाकडे मरण बघत नाही अशी समजूत. उखाच्या आधीची तीन भावंडं गेली होती, म्हणून हा उखर्डू. सुरतेत पहिल्या दिवशी कारखान्याच्या मास्टरने नाव विचारलं आणि न अडखळता 'उकाभाई' असं लिहून घेतलं, कारण गुजरात्यांकडेही हीच रीत आणि हेच नाव. तो पारोळ्याकडचा, मी अमळनेरचा. तो माग चालवायचा. आठ माग, बारा तास. त्या खडखडाटाने कान गेले होते, म्हणून नुसतं "चहा घेता का" विचारलं तरी भांडायला आल्यासारखं वाटे. मी त्याच कारखान्यात मेताजी, म्हणजे कारकून. गुजराती लिहिणं मला जेमतेम यायचं. अक्षरं त्यांची आणि शब्द आपले, असा सगळा मामला. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

आमची वस्ती कतारगामच्या मागच्या अंगाला, खाडीच्या अलीकडे. पत्र्याच्या साठेक खोल्या, समोरासमोर दोन रांगा. तिला आम्ही 'लाइन' म्हणायचो. नव्वद-एक्क्याण्णवचे दिवस असतील. लाइनीत संडास नव्हता. एवढं एक वाक्य लिहून पुढे सरकता येतं, आणि वर्तमानपत्राची पुरवणी वाचणाऱ्यांचा सकाळचा चहा नासू नये म्हणून मी सरकलोही असतो. पण नाही सरकणार. पुरुष कुठेही बसत. बायका उजाडायच्या आत तिघी-चौघी मिळून खाडीच्या काठाला जात. तिथून मालाच्या ट्रकचा रस्ता जायचा, आणि ट्रकवाल्यांना एक खेळ सापडला होता. बायका दिसल्या की गाडी थांबवायची, तोंड तिकडे वळवायचं आणि मोठे दिवे लावायचे. बायका धडपडत उठत आणि वर केबिनमध्ये हसू फुटे. एके दिवशी शेवंतावहिनी तशाच परत आल्या आणि पुढचे दोन दिवस जेवल्या नाहीत. उखाला वाटलं, ताप असेल. तिसऱ्या दिवशी त्याने ओरडून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, जेवलं की जावं लागतं. पत्र्याच्या भिंतीपलीकडून मी हे ऐकलं. माझी बायको तेव्हा गावी होती, त्यामुळे मला झोप छान लागली. उखाला नाही लागली.

आमच्या मंडळाचा जन्म हा असा. आता त्याच्या अहवालात 'समाजबांधवांना एकत्र आणण्याच्या उदात्त हेतूने' वगैरे छापतात, ते वाचून मला शिसारी येते. हेतू कसला न् उदात्त कसला! एका बाईला पोटभर जेवता यावं म्हणून अकरा माणसं चहाच्या टपरीवर जमली. लाइनीच्या टोकाला पडीक तुकडा होता, तो जमीनमालकाकडून मागून घेतला. सुट्टीच्या दिवशी आम्हीच खड्डा खणला, विटा वाहिल्या आणि आठ संडास उभे केले. चार बायकांचे, चार पुरुषांचे. पहिल्या दिवशी बायका नव्या लुगड्यात रांगेला उभ्या होत्या. हसू नका, माझ्या आयुष्यात मी पाहिलेला तो सगळ्यात चांगला उद्घाटन समारंभ. कोणी फीत कापली नाही, कोणी भाषण केलं नाही, आणि वहिनींनी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या असं उखा महिनाभर ज्याला-त्याला सांगत सुटला.

पंधरा दिवसांत प्रश्न आला, साफ कोण करणार? टपरीवर पुन्हा अकराजण जमले. सगळ्यांच्या माना आपोआप एकाच माणसाकडे वळल्या. तो भीमराव. भीमराव बौद्ध, आमच्याइतकाच मागावर राबणारा, आमच्याइतक्याच विटा वाहिलेला, त्या अकरातलाच एक. त्याने वळलेल्या माना पाहिल्या. म्हणाला, "हेच काम करायचं असतं तर गाव काय वाईट होतं? माझ्या बापाने गाव सोडलं ते हे टाकून देऊन." आणि चहाचा ग्लास तसाच ठेवून तो उठला. त्या माना वळवणाऱ्यांत मीही होतो. आज आठवलं की स्वतःच्याच मानेला चिमटा काढावासा वाटतो. उखाची मान वळली होती की नाही, मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर तो खराटा, फिनाइल आणि दोन बादल्या घेऊन गेला. परत आला तो हिरवा-निळा पडलेला, नळावर तासभर अंग घासत बसला आणि म्हणाला, "मेताजी, वाईट काम शे भो. पन व्हई जास." होऊन जातं! पुढे त्याच्या मेहुण्याने त्याच्या घरचं पाणी पिणं बंद केलं. उखा म्हणाला, बरं झालं, चहा-साखर वाचली. पण त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी तो आधी भीमरावच्या ओट्यावर जाऊन बसला. बसला, आणि माफी वगैरे काही न मागता म्हणाला, "तुना ग्लास तसाच राही गया व्हता." तुझा ग्लास तसाच राहिला होता.

वर्षभरात खड्डा भरायला लागला. गटाराची जोडणी हवी होती आणि त्यासाठी महापालिकेच्या कचेरीत अर्ज. लाइनीत लिहिणारा मी एकटाच. मी बसलो, मान तिरकी केली आणि माझ्या त्या दिव्य गुजरातीत लिहिलं: 'आ जग्याए बहेनोना बहु हाल थाय छे. माटे मदद करशो.' इथे बायकांचे फार हाल होतात, तरी मदत करा. मला वाक्य फार आवडलं. उखाला वाचून दाखवलं, त्यालाही आवडलं. अर्ज दिला, पोच घेतली आणि वाट पाहत बसलो. सहा महिने गेले, वर्ष गेलं. खड्डा आम्हीच उपसत राहिलो, म्हणजे उखाच उपसत राहिला, आणि आम्ही नाकाला रुमाल लावून "उखा, जपून रे" असं लांबून सांगत राहिलो.

दरम्यान मंडळ मोठं होत गेलं. पोट भरलं, आडोसा मिळाला, की माणसाला दुसरं काहीतरी सुचायला लागतं. त्यात गैर काहीच नाही. आधी भजन आलं, मग गणपती आला, मग गणपतीसाठी सारख्या रंगाच्या टोप्या आल्या. मग कागदावर छापलेलं नाव आलं, शिक्का आला, रजिस्टर झालं. त्या गुजराती फॉर्मवर चिटणीसाला 'मंत्री' म्हणतात. चिटणीस मी, म्हणजे मंत्री मी! गावाकडे ही बातमी पोचली आणि मी दिवाळीला उतरलो तर स्टँडवर हार घेऊन माणसं उभी. अमळनेरच्या मेताजीला गुजरात सरकारात मंत्री केलं म्हणून. मी खुलासा करायला हवा होता. मी हार घालून घेतला. दयाराम तोवर जॉबरचा, म्हणजे मागांवरच्या मुकादमाचा, चार मागांचा मालक झाला होता, म्हणून दयारामशेठ, आणि शेठ म्हणून प्रमुख. उखाला आम्ही कोणतंच पद दिलं नाही. त्याचं कामच असं होतं की त्याला नाव काय द्यावं हे आम्हाला सुचेना. भीमराव मात्र सभेत स्पष्ट म्हणाला होता, "त्याच्या कामाला नाव आहे. तुम्हाला ते तोंडाने घ्यायला घाण वाटते."

मग प्लेगची ती साथ आली, जिने अर्धी सुरत रिकामी केली. प्रमुख, मंत्री, टोप्या, सगळे मिळेल त्या गाडीने गावाकडे पळालो. उखा राहिला, कारण वहिनींच्या आईला हलवता येत नव्हतं. परत आलो तेव्हा लाइन चुना मारून पांढरी केलेली होती. साथीनंतर शहरात साफसफाईचं वारं आलं, जुने अर्ज शोधून काढले गेले, आणि एक दिवस आमच्या मंडळाच्या नावाने पत्र आलं. मंजुरी आली होती. कशाची? तर 'बहेनोनो होल.' बहिणींचा हॉल!

मी आणि उखा कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने शांतपणे फाइल काढली आणि माझाच अर्ज माझ्यापुढे धरला. माझ्या 'हाल'च्या कान्यावर तांबड्या शाईने मात्रा देऊन 'होल' केलेलं होतं. तो म्हणाला, "हाल शुं थाय, भाई? होल थाय! तमे मराठी लोको स्पेलिंगमां बहु कच्चा." बिचाऱ्याने आमची चूक सुधारली होती. गुजरातीत हाल म्हणजे सध्या, नाही तर नुसती परिस्थिती. आपल्याला ज्या शब्दात पोटात गोळा येतो, तो त्याला शुद्धलेखनाची चूक वाटला. बाहेर आल्यावर मी उखाला हे सगळं समजावलं. तो आधी पोट धरून हसला. म्हणाला, "म्हंजे आमना हाल मंजूर व्हयनात!" मग हसणं थांबलं. मंजुरीत जागा लिहिली होती, आणि जागा म्हणजे संडासांचाच तो तुकडा. अर्जात पत्ता मीच घातला होता. उखा म्हणाला, "मेताजी, एक ओय लिखी द्या. चूक व्हयनी म्हना. हॉल नको, गटार जोडी द्या म्हना." ओय म्हणजे ओळ. एक ओळ. कारकूनही चांगला होता, लिहून दिलं तर बदलून देतो म्हणाला होता.

ती ओळ मी लिहिली नाही. आज इथे पानंच्या पानं लिहितोय आणि तेव्हा एक ओळ लिहिली नाही. उद्या लिहितो म्हणालो, मग अर्जाचा कागद संपला म्हणालो, मग कारखान्यात फार काम आहे म्हणालो. उखा रोज पाळीवरून येताना दारात डोकवायचा, "लिखी का?" आणि मी नाही म्हटलं की "बरं, सकाय", म्हणजे उद्या, असं म्हणून जायचा. खरं कारण सांगू? माझ्या थोरलीचं लग्न ठरत होतं. नवसारीची सोयरीक, तालेवार माणसं. त्यांना पत्र्याच्या लाइनीत उतरवायची मला लाज वाटत होती. मला हॉल हवा होता. शिवाय दयारामशेठ म्हणाले होते, दारावरच्या संगमरवरी पाटीत मंत्री म्हणून तुमचं नाव येणार. शी! लिहितानाही हात धुवावेसे वाटतात.

तरी सभासदांत चलबिचल होती. बायका कुरकुरत होत्या. तेव्हा दयारामशेठनी अमदावादहून एक व्याख्याते आणले. गृहस्थ सज्जन होते, मुद्दा मांडायची हातोटीही होती. त्यांनी फळ्यावर पायऱ्या काढल्या. सगळ्यात खाली पोट आणि निवारा, त्यावर सुरक्षितता, त्यावर आपली माणसं, त्यावर मान, मग स्वतःला ओळखणं, आणि सगळ्यात वर सेवा. म्हणाले, माणूस असो की संस्था, याच पायऱ्यांनी वर जाते. मग एकेकाला विचारलं, तुम्ही कुठे आहात? दयारामशेठ थेट वरच्या पायरीवर जाऊन बसले. मी नम्रपणे एक पायरी खाली बसलो. उखाला विचारलं तेव्हा तो उभा राहिला आणि त्याच्या त्या ओरड्या आवाजात म्हणाला, "मी तयले शे, साहेब. आज दोन नंबरनं भांडं तुंबेल शे." तयले म्हणजे तळाला. सगळे खो खो हसले. मीही हसलो. मग दयारामशेठ उठले आणि म्हणाले, "बघा, किती दिवस आपण खालच्या पायरीवर राहायचं? संडास ही झाली गरज. आता आपण सेवेकडे जायचं." टाळ्या पडल्या. ठराव मीच लिहिला. तो मात्र एका बैठकीत लिहून झाला.

त्या व्याख्यात्यांवर माझा राग नाही. भुकेल्या माणसाला आधी भाकर लागते, हे त्यांनी खरंच सांगितलं. पण वरची पायरी चढली की खालची फोडून टाका, असं त्यांनी कुठे म्हटलं होतं? ते आम्ही म्हटलं. आणि गंमत बघा, त्या फळ्यावरच्या सगळ्या पायऱ्या चढलेला एकच माणूस त्या खोलीत होता. त्याने पहिल्यांदा खराटा धरला तो स्वतःच्या बायकोसाठी. मग लाइनीतल्या बायकांसाठी. मग मेहुणा तुटला तरी धरला, भीमरावसमोर मान वर करता यावी म्हणून धरला, आणि साथीत सगळे पळाल्यावर कोणीच बघायला नसतानाही धरला. वाढत गेला तो, फक्त जागा सोडली नाही. आम्हाला वाटलं, हा तिथेच आहे.

संडास पाडले त्या दिवशी उखा कामावर गेला नाही. पाडणाऱ्यांना त्याने पाणी दिलं. हॉल झाला, आतून गुलाबी, पंखे लावलेला, पाटीवर माझं नाव. मागच्या बाजूला एकच संडास, पांढऱ्या फरशीचा, 'पाहुण्यांसाठी', आणि त्याला कुलूप. माझ्या थोरलीचं लग्न पहिलं लागलं. नवसारीकर खूश झाले. उखाने दिवसभर पाहुण्यांना पाणी वाढलं. आणि लाइनीतल्या बायका? खाडीकाठी तोवर इमारती उठल्या होत्या, तिथेही आडोसा उरला नव्हता. त्यांनी एक तोड काढली. दुपारी चारनंतर पाणीच प्यायचं नाही. सुरतेचा उन्हाळा, पत्र्याची खोली, आणि घोटभर पाणी पिताना बाई हिशेब करतेय! वहिनींना लघवीला जळजळ सुरू झाली, मग ताप, मग कंबर धरून चालणं. डॉक्टर म्हणाला, पाणी भरपूर प्या. उखा माझ्याकडे बघून म्हणाला, "लिखी दे म्हना त्याले कागदवर, कोठे जावानं ते बी." हे एकदाच बोलला तो मला लागेलसं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरा तो होता आणि सोंग मी घेतलं.

मग उखाने दयारामशेठना सांगितलं की हॉलची राखण मी करतो, फुकट. शेठ गहिवरले. "याला म्हणतात सेवा," असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं आणि किल्ल्यांचा जुडगा दिला. तीन महिने उखा पहाटे मागचं दार उघडत होता, लाइनीतल्या बायका टमरेल घेऊन येऊन जात होत्या, आणि उजाडेपर्यंत सगळं धुऊन कोरडं करून तो कामावर जात होता. मग एका सकाळी वह्यावाटपाचा कार्यक्रम होता, पाहुणे लवकर आले आणि दोन बायका मागच्या दारातून बाहेर पडताना दिसल्या. दयारामशेठनी नाकाला रुमाल लावला. "मंडळाच्या वास्तूत ही घाण?" असं म्हणाले. किल्ल्या काढून घेतल्या. कार्यकारिणीची बैठक झाली, उखाला समज द्यायचं ठरलं, आणि ती समज लिहिली मंत्र्याने. पुढच्याच महिन्यात मी कडोदऱ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. या फ्लॅटला दोन संडास आहेत, एक देशी आणि एक विलायती. विलायती आम्ही वापरत नाही, तरी आल्यागेल्याला दाखवतो.

तर रविवारी शोकसभेला गेलो. खिशात दोन कागद, सुवाच्य अक्षरात. हॉल भरलेला होता. उखाचा फोटो नव्हताच कोणाकडे, म्हणून माझ्या मुलीच्या लग्नातला पाणी वाढतानाचा फोटो कापून मोठा केलेला. हातातला पाण्याचा जग अर्धा कापला गेला होता. वहिनी पुढच्या रांगेत खाली बसल्या होत्या, भिंतीला टेकून. दयारामशेठ बोलायला उभे राहिले. उखाभाऊंची सेवा, उखाभाऊंचा त्याग, उखाभाऊ सेवेच्या सर्वोच्च पायरीवर... एवढ्यात वहिनी भिंतीला धरून उठल्या. वाटलं, रडायला उठल्या असतील, दोन बाया त्यांना धरायलाही धावल्या. त्यांनी हात सोडवून घेतले, सरळ चालत मागच्या दाराशी गेल्या, कुलपाला हात लावला आणि म्हणाल्या, "कुलूप काढा."

दयारामशेठ माइकवरच म्हणाले, "वहिनी, सभा चालू आहे."

"माले जावानं शे," वहिनी म्हणाल्या. मला जायचं आहे.

माइकचा आवाज बंद झाला. शेठ इकडे-तिकडे बघायला लागले, शेवटी माझ्याकडे बघितलं. मंत्री काहीतरी शब्द काढेल अशी आशा असावी. मी उभा राहिलो. खिशातले कागद नाही काढले. म्हणालो, "शेठ, हा हॉल बहिणींचा आहे. कागदावर तसंच आहे. अर्ज मी लिहिला होता. हाल लिहिले होते, त्याचा हॉल झाला, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." भीमराव मागून उठून आला, शेठसमोर उभा राहिला आणि त्याने नुसता हात पुढे केला. शेठनी खिशातून किल्ली काढून त्या हातावर ठेवली. वहिनी आत गेल्या. दार लागलं. मग भिंतीकडेची एक म्हातारी उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी, आणि बघता बघता उखाच्या फोटोपासून मागच्या दारापर्यंत रांग लागली. सभा कोणी संपवली नाही. पुरुष हळूहळू चपला शोधत बाहेर पडले.

याला आता पाच आठवडे झाले. कुलूप परत लागलेलं नाही. कचेरीत मी ती ओळ देऊन आलो, गटारासकट आठ संडासांची. होईल तेव्हा होईल, कारकून बदललाय. तोवर त्या एका संडासाची घरागणिक पाळी लावली आहे. दयारामशेठ आपल्या पाळीला माणूस पाठवतात आणि त्यालाही सेवा म्हणतात. माझं घर आता लाइनीत नाही, पण मी रविवार मागून घेतला. पहिल्या रविवारी मी दाराशीच ओकलो. किळस जाईल म्हणून लोक सांगतात. अजून गेलेली नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही. उखाची एक रीत बायकांनी मला त्या दिवशी शिकवली. तो खराटा घेऊन एकदम आत शिरत नसे. दहा पावलं लांब थांबायचा, मोठ्याने खाकरायचा आणि भिंतीकडे तोंड करून विचारायचा, आत कोणी आहे का म्हणून. बहिऱ्या माणसाला उत्तर ऐकू यायचं नाही, म्हणून बायका आतून दारावर थाप मारायच्या, आणि थाप बसली की तो तिथेच उभा राहायचा, कितीही वेळ. गेल्या रविवारी मी बादली खाली ठेवली, दहा पावलं लांब थांबलो, भिंतीकडे तोंड केलं आणि त्याच्याच शब्दांत विचारलं, "मझार कोनी शे का, माय?"

आतून वहिनींचा आवाज आला, "थांबा."

मी थांबलो.